‘काचेसारखा स्वच्छ’ नीलम मागताना जरा थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नीलम कसा निवडावा यावर तुम्ही जो लेख छापलाय तो मी दोनदा वाचला, आणि त्यातल्या एका वाक्याने मला तेव्हापासून चैन पडू दिलेली नाही. खडा काचेसारखा स्वच्छ हवा, आत एकही रेघ किंवा ठिपका दिसला तर तो दोषी समजून परत करावा, असं त्यात म्हटलंय. लेख चांगल्या हेतूने लिहिलाय, भाषाही सोपी आहे, पण नेमकं हेच वाक्य कापून पाकिटात ठेवून लोक सराफ्यात जातात. मी जुनी इंदूरकर, रामबागेत वाढले, सव्वीस वर्षं कॉलेजात भूविज्ञान शिकवलं, आणि रिटायर झाल्यापासून ओळखीचे लोक अंगठ्या घेऊन माझ्याकडे येतात, ‘मॅडम जरा तुमच्या भिंगातून बघा ना’ म्हणून. मी काही विकत नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही, फक्त बघते आणि जे दिसतं ते सांगते. म्हणून हे पत्र, आणि थोडं लांब होणार आहे, जमलं तर पूर्ण छापा.

आधी तीन महिन्यांपूर्वी काय झालं ते सांगते, कारण त्याशिवाय मला एवढं का लागलंय ते कळणार नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या जावयाला साडेसाती सुरू झाली म्हणून त्यांनी नीलम घेतला. कुठून घेतला ते लिहीत नाही. सहा कॅरेटच्या वर वजन, रंग गडद निळा, आणि दुकानदार म्हणे की बघा ताई एकदम क्लीन पीस आहे, जाला (आत जाळीसारखं दिसणारं) नाही चीर नाही, असा शोधून मिळत नाही. 27 हजारात. सोबत प्लास्टिकचं एक कार्ड, त्यावर खड्याची लांबी-रुंदी आणि ‘नॅचरल ब्लू सफायर’ एवढंच. सगळे खूश. पंधरा दिवसांनी अंगठी सैल होते म्हणून काकूंनी ती छोट्या सराफ्याच्या मागच्या गल्लीत एका बंगाली कारागिराकडे दिली, ज्याला मी पंधरा वर्षांपासून ओळखते, माझ्या आईच्या बांगड्याही त्यानेच जोडून दिल्या होत्या. त्याने नेहमीसारखं काम केलं, कडी कापली, फुंकणीने आच दिली, टाका लावला आणि उजळायला तेजाबाच्या पाण्यात टाकली. नीलम कणखर खडा, एवढ्याशा कामाला बरेच कारागीर तो कोंदणातून काढत पण नाहीत. बाहेर काढली तर खड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघाच रेघा, चमक गेलेली, मधेमधे बारीक खड्डे.

काकूंच्या घरचे सगळे त्याच्या दुकानावर. दुकान तरी कसलं, सहा बाय आठची खोली, एक चौरंग, एक दिवा. खडा बदललास म्हणाले, पोलिसात देतो म्हणाले. तो बिचारा थरथरत होता, हिंदीसुद्धा धड बोलता येईना त्याला त्या वेळी. त्याच्याकडे माझा नंबर होता, त्याने मला फोन लावला, आणि काकूंनीही म्हटलं की हो हो मॅडमना बोलवा, त्याच सांगतील.

मी भिंग घेऊन गेले. दहा पटीचं साधं भिंग, ज्याला सगळे लूप म्हणतात. पहिल्यांदा कार्डावरची लांबी-रुंदी खड्याशी ताडून बघितली, तंतोतंत जुळली, म्हणजे खडा तोच होता. मग भिंगातून बघितलं. निळा रंग खड्याच्या अंगात नव्हताच संपादक साहेब, तो तड्यांमध्ये होता! खडा आतून जवळजवळ राखाडी-पांढरा, आणि त्याला असंख्य तडे गेलेले, आणि प्रत्येक तड्यात निळी काच भरलेली, काचेत बारीक गोल बुडबुडे. जिथे तडा पृष्ठभागावर येत होता तिथली काच आचेने आणि तेजाबाने खाऊन टाकली होती, त्याच त्या पांढऱ्या रेघा. हा प्रकार बाजारात नवा नाही. माणकात शिशाची काच भरणं 2004 च्या सुमाराला उजेडात आलं, आणि कोबाल्टने निळी केलेली काच भरलेले नीलम 2012 पासून दिसायला लागले. खाणीतून जो फुटका, अपारदर्शक, कवडीमोल माल निघतो तो घेतात, धुतात, त्यात काच वितळवून भरतात, आणि काच तडे झाकते म्हणून खडा डोळ्याला स्वच्छ दिसतो. म्हणजे काकूंनी जे मागितलं तेच त्यांना मिळालं, काचेसारखा स्वच्छ. कारण तो अर्धा काचच होता.

नंतर लॅबमधून रिपोर्ट आणला, त्यातही काच भरल्याचं स्पष्ट आलं. दुकानदार म्हणतो बिलात ‘नॅचरल’ लिहिलंय, खाणीतलाच खडा आहे, मग खोटं काय. शेवटी बरीच ओढाताण होऊन निम्मे पैसे परत मिळाले. पण त्या कारागिराला तीन दिवस झोप नव्हती, त्याचं काय?

आता मुद्द्यावर येते. नीलमची क्लॅरिटी, म्हणजे खड्याची आतली स्वच्छता, यात नेमकं काय बघायचं असतं ते आपल्याकडे कुणी नीट सांगतच नाही, सगळं हिऱ्यावरून उचललेलं असतं. हल्ली दुकानात नीलमच्या चिठ्ठीवरही व्हीव्हीएस, व्हीएस लिहिलेलं बघते मी. हिऱ्याची ती सगळी प्रतवारी दहा पटीच्या भिंगाखाली होते, तिथे सुईच्या टोकाएवढा ठिपकाही मोजला जातो. रंगीत खड्यांचं तसं नाही. जीआयए या अमेरिकेतल्या रत्नपरीक्षण संस्थेने रंगीत खड्यांचे क्लॅरिटीसाठी तीन गट केलेत. पहिल्या गटात ॲक्वामरीनसारखे खडे, जे निसर्गतःच बऱ्यापैकी स्वच्छ निघतात, तिसऱ्यात पन्ना, ज्याच्यात काही ना काही असतंच, आणि मधल्या दुसऱ्या गटात नीलम आणि माणिक. दुसरा गट याचा अर्थच हा की आत थोडंफार काहीतरी असणं ही सामान्य गोष्ट आहे. म्हणून चांगल्या नीलमसाठी कसोटी अशी की साध्या डोळ्याने, हातभर अंतरावरून, चांगल्या उजेडात समोरून बघताना काही खुपू नये. याला बाजारात आय-क्लीन म्हणतात. भिंगातून काहीच दिसता कामा नये अशी अट कुणी घालतच नाही, आणि सहा कॅरेटचा खडा भिंगाखालीही कोरा निघाला आणि वर स्वस्तात मिळत असेल तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

का, ते सांगते. नीलम म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यात लोह आणि टायटॅनियमचे कण असले की निळा. श्रीलंकेतला नीलम पन्नास कोटी वर्षांपेक्षा जुना, जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णतेत तयार झालेला. एवढ्या काळात आजूबाजूचं काहीच त्याच्या पोटात गेलं नसेल असं कसं होईल? झिरकॉनचे, अभ्रकाचे, स्पिनेलचे इवलेसे स्फटिक अडकतात, तडा जातो आणि पुन्हा भरून येतो, रूटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, सुया वाढतात. उलट 1902 मध्ये व्हर्न्युई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत पावडर वितळवून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, पुढच्या काही वर्षांत त्याच पद्धतीने निळा नीलमही बनायला लागला, आणि तो काही तासांत तयार होतो. आणि खरी गोम अशी की हा कारखान्यातला नीलम रसायनाने तोच, कडकपणा तोच, मोह्सच्या मापावर 9, घनता तीच साधारण 4, प्रकाश वाकवण्याचा आकडाही तोच, 1.76 ते 1.77. म्हणजे मोजायला जा, दोघे सारखे. मग वेगळे ओळखायचे कसे? पोटात काय आहे त्यावरून! खाणीतल्या नीलममध्ये रंगाचे पट्टे सरळ असतात आणि कोन करून वळतात, षटकोनासारखे, कारण स्फटिक तसा वाढतो. ज्योतीत बनवलेल्यात रेषा वाकड्या, जुन्या गाण्यांच्या तबकडीवर असतात तशा गोलाईच्या, आणि कधीकधी गोल बुडबुडे. ज्या रेघेला, ठिपक्याला तुमच्या लेखात दोष म्हटलंय तोच त्या खड्याचा जन्मदाखला असतो हो बऱ्याचदा.

आमच्या आत्याची एक अंगठी माझ्याकडे आहे. तिच्या लग्नातली, फिकट निळा खडा, तीन कॅरेटच्या आत-बाहेर. तिला मुलीच्या लग्नाच्या वेळी मोडायची होती तेव्हा दोन ठिकाणी सांगितलं की यात जाला आहे, खडा सुन्न, म्हणजे निस्तेज आहे, सोन्याचे काय ते पैसे घ्या. मी तेव्हा एमएस्सी करत होते, मी ती आमच्या डिपार्टमेंटच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली, आणि तो क्षण मला अजून आठवतो. बाजूने दिवा टाकला तर आतमध्ये बारीक बारीक सुया, तीन दिशांना, एकमेकींना साठ अंशात छेदणाऱ्या, आणि खडा जरा फिरवला की पैठणीच्या पदरावर ऊन पडल्यावर जर चमकून उठते तशा चमकायच्या, पुन्हा फिरवला की गायब. इंग्रजीतही तिला सिल्कच म्हणतात, रेशीम. एका कडेला भरून आलेला जुना तडा होता, ओल्या आरशावर अंगठा टेकवल्यासारखा, रेघारेघांचा. ते रेशीम जसंच्या तसं, सुया अखंड, याचा अर्थ खडा कधी मोठ्या आचेच्या भट्टीत गेलेला नाही. कारण 1,500 अंशांच्या वर तापवलं की त्या सुया विरघळायला लागतात, तुटून ठिपक्यांच्या ओळी होतात. मग आम्ही ती मोडली नाही. खडा काही लाखमोलाचा निघाला असं नाही, रंग फिकट आहे आणि रंगाला बाजारात क्लॅरिटीपेक्षा जास्त मान आहे, पण खरा आहे, न तापवलेला आहे, आणि ‘दोषी’ म्हणून तो सोन्याच्या भावात गेला असता.

तापवण्याबद्दल गैरसमज नको म्हणून लिहिते. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेले असतात आणि त्यात फसवणूक नाही, फक्त सांगायला हवं. श्रीलंकेत गेउडा म्हणून दुधाळ खडे मिळायचे, लोक फेकून द्यायचे, सत्तरच्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते भट्टीत घालून निळे आणि स्वच्छ करून दाखवले, कारण दुधाळपणा रूटाइलचाच आणि तो विरघळला की त्यातलं टायटॅनियम रंगाच्या कामी येतं. म्हणजे इथेही क्लॅरिटी आणि रंग दोन्ही माणसाने सुधारलेले. असा खडा टिकाऊ असतो, आच लागून किंवा तेजाबात पडून बिघडत नाही, घ्यायला हरकत नाही. पण न तापवलेल्याची किंमत वेगळी, तापवलेल्याची वेगळी, आणि काच भरलेल्याची तर तुलनाच नको. तिघांच्या चिठ्ठीवर एकच शब्द, ‘नॅचरल’. माझं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे.

आता असंही नाही की आतलं सगळं चांगलंच. कुठे आहे, केवढं आहे, कसलं आहे ते बघावं लागतं. पृष्ठभागापर्यंत येणारा तडा वाईट, त्यातही तो कोपऱ्यावर किंवा कडेला असेल तर जास्तच वाईट, कारण तिथेच कोंदणाचा दाब पडतो. कुरुंदावर चरा लवकर उठत नाही हे खरं, पण चरा न उठणं वेगळं आणि न फुटणं वेगळं, ओट्याच्या दगडावर जोरात आपटला तर तड्यातून टवका उडू शकतो. वरच्या सपाट पैलूच्या बरोबर खाली काळा ठिपका असेल तर तो रोज डोळ्यात खुपणार, तोच ठिपका कडेला असेल तर कोंदणाच्या दाताखाली झाकला जाईल आणि कुणाला दिसणार पण नाही, भावात मात्र फरक मागून घ्या. आणि आत इतकं दाट धुकं असेल की उजेड आत जाऊन परत बाहेरच येत नाही, खडा मेलेला दिसतो, तर त्याला सुन्न म्हणणारे बरोबर आहेत. दुसरीकडे काश्मीरचा नीलम घ्या. 1881 च्या सुमाराला किश्तवाडच्या पाडर भागात दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले, चांगला माल जेमतेम पाच-सहा वर्षं निघाला, आणि आज जगात सगळ्यात मान त्यालाच. का? तर त्याच्यात अतिशय बारीक कणांचं हलकंसं धुकं असतं, उजेड त्यात पसरतो आणि खडा मखमलीसारखा दिसतो. ते कण काढले तर काश्मीरचं काश्मीरपण जाईल. न्यूयॉर्कच्या म्युझियममधला ‘स्टार ऑफ इंडिया’, 563.35 कॅरेटचा, श्रीलंकेचा, त्याच्यावर जी सहा किरणांची चांदणी पडते ती त्या रेशमामुळेच पडते. एकही रेघ नको म्हणणाऱ्याने तो परत केला असता का?

अजून एक चूक फार होते आणि ती तुमच्याच पेपरवर होते म्हणून लिहिते. लोक खडा वर्तमानपत्रावर ठेवतात आणि खालची अक्षरं वाचता आली की म्हणतात बघा कसा आरपार, स्वच्छ! अहो, अक्षरं वाचता येणं हे क्लॅरिटीचं लक्षण नव्हेच, ते कटिंग उथळ असल्याचं लक्षण आहे. खालचे पैलू नीट कोनात पाडलेले असतील तर वरून आलेला उजेड आत फिरून पुन्हा डोळ्याकडे येतो, खालची अक्षरं दिसतच नाहीत. मधोमध खिडकीसारखी फिकट जागा पडलेली असेल आणि तिथून बोटाची रेषासुद्धा दिसत असेल तर रंग तिथून गळतोय समजा. कटिंग करणारे वजन वाचवायला असं करतात कधीकधी.

तसंच ते दुधाचं. वाटीत दूध घ्यायचं, खडा टाकायचा, दूध निळसर दिसलं की असली. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे करून दाखवायची, निळ्या बाटलीच्या काचेचा तुकडा टाकून. तोही दूध निळसर दाखवतो. कुठलीही निळी पारदर्शक वस्तू दाखवेल, त्याचा खड्याच्या खरेपणाशी काही संबंध नाही.

मी ज्योतिषावर बोलत नाही. जुनी इंदूरच्या शनी मंदिरात मी स्वतः लहानपणापासून आईबरोबर जात आलेय, ज्याची श्रद्धा त्याने खडा जरूर घालावा. उलट श्रद्धेने घालणाऱ्यांसाठीच हे जास्त महत्त्वाचं आहे. जाला, चीर, दूधक (दुधाळ), दोरंगा (दोन रंगांचा) असे दोष सांगतात, ते ऐकून माणूस घाबरतो की दोषी खडा घातला तर शनी महाराज उलटे फिरतील, आणि त्या भीतीपोटी तो स्वच्छच्या मागे लागतो, आणि स्वस्तात स्वच्छ म्हटलं की त्याच्या हातात एक तर कारखान्यातला खडा पडतो नाही तर काच. मी आजवर बघितलेल्या अशा अंगठ्यांमध्ये हेच पुन्हा पुन्हा दिसलंय. घरातले दागिने मोडून, उधारी करून घेतलेला असतो हो नीलम. एका रिक्षावाल्या भाऊंनी तर मुलीच्या फीचे पैसे वळवून घेतला होता, त्यांना सांगताना माझा घसा दाटून आला, अर्धा तास काही सुचेना.

दुकानात गेलात तर काय करायचं, तर आधी खडा सुटा बघा, अंगठीत बसवण्याआधी. फडक्याने नीट पुसून घ्या, कारण बोटाचा तेलकटपणा आणि धूळ हीच बऱ्याचदा ‘डाग’ म्हणून दिसते. काउंटरवरचे ते पांढरे झगझगीत एलईडी खड्याला नको इतकं उजळ करतात, म्हणून बाहेर ओट्यावर या, दिवसा, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. हातभर लांब धरून समोरून बघा. मग पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून रंगाचे पट्टे बघा, सरळ आहेत का वाकडे. मग भिंग मागा. दहा पटीचं भिंग ठेवायला कुठल्याही दुकानाला जड नाही, आणि जो भिंग द्यायला कां-कू करतो तिथून उठून या सरळ. रेघांवर निळा रंग साचलेला दिसतोय का, खडा फिरवताना तड्यातून निळी-जांभळी लकेर चमकते का, गोल बुडबुडे आहेत का, एवढं बघितलं तरी काच भरलेला माल बराचसा ओळखू येतो. जुन्या अंगठीची पाठ बंद असेल तर फसू नका, खाली चमकीचा कागद घातलेला असू शकतो, खडा काढल्याशिवाय मत देऊच नये. आणि वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या, एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, जगभर तेच, रत्ती मात्र दुकानागणिक बदलते.

रक्कम मोठी असेल तर घ्यायच्या आधी लॅबचा रिपोर्ट. रंगीत खड्यांसाठी जयपूर हे देशातलं मोठं केंद्र, तिथे चांगल्या लॅब आहेत, मुंबईतही आहेत, इथून कुरिअरने किंवा ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत पाठवता येतं. पण रिपोर्ट आला की फोटो आणि वरचं नाव बघून खूश होऊ नका, खाली कमेंट्सची ओळ असते ती वाचा. खड्याचं पाणी तिथे कळतं. ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ म्हणजे तापवल्याच्या खुणा नाहीत, ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ म्हणजे तापवलाय, आणि ग्लास किंवा फिलिंग असा शब्द असेल तर तो खडा त्या भावाचा नाहीच. ज्या कार्डावर ही ओळच नाही, ते कार्ड नसल्यासारखंच धरा.

बऱ्याच जणांना वाटतं की हॉलमार्क आहे ना, मग काळजी कसली. हॉलमार्क सोन्याचा असतो. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी या सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही, चांगलीच गोष्ट झाली, पण तो नंबर सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो, वरच्या खड्याबद्दल नाही. काकूंच्या अंगठीवरही हॉलमार्क होता.

आता तुमच्याकडे माझं मागणं. एक तर त्या लेखातलं ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा छापा, तेवढ्याच ठळक अक्षरात. दुसरं, आपल्या सराफ्यातल्या व्यापाऱ्यांना या पत्रातून विनंती आहे की बिलावर ‘नॅचरल’ एवढंच लिहून थांबू नका, तापवलेला, न तापवलेला, काच भरलेला, लॅबमध्ये बनवलेला, यातलं जे असेल ते मराठीत नाही तर हिंदीत, गिऱ्हाइकाला वाचता येईल असं लिहा. बरेच जण आजही तोंडी खरं सांगतात, मला माहितेय, तेच कागदावर आणा, त्यात तुमचाच बचाव आहे. आणि गिऱ्हाइकांनी ते लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, म्हणजे उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हातात काही असेल. तक्रारीसाठी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे फोन केला तर पुढे कसं जायचं ते सांगतात. आणि शहरातल्या कुठल्याही मराठी मंडळाने एक दुपार हॉल दिला तर मी माझा मायक्रोस्कोप घेऊन येईन, लोकांनी आपापल्या अंगठ्या आणाव्यात, फुकट बघून देईन, आत्याचा खडाही आणीन, रेशीम कसं दिसतं ते प्रत्येकाने डोळ्याने बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

परवा बुधवारी संध्याकाळी त्या कारागिराकडे गेले होते. सराफ्यात दुकानांचे शटर खाली यायला लागले होते, बाहेर गराडूच्या, त्या तळलेल्या कंदाच्या, कढया चढत होत्या. त्याच्या चौरंगावर आता माझ्याकडचं जुनं भिंग असतं, मीच दिलंय. काम आलं की आधी खडा भिंगातून बघतो, मग भिंगावरच मोबाइल टेकवून फोटो काढतो, गिऱ्हाइकाला दाखवतो आणि मगच फुंकणी पेटवतो. काकू त्या दिवसानंतर अजून त्याच्याकडे गेलेल्या नाहीत, मी त्यांना दोनदा म्हटलं. त्याने मला एक माणकाची अंगठी दाखवली, म्हणाला दीदी यात बुडबुडे आहेत ना, मी बघितलं, होते. त्याने ती टाका न लावता तशीच पुडीत बांधून परत दिली.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूविज्ञान शिक्षिका, रामबाग, इंदूर
(नाव कृपया छापू नये)